भिंतीवरचा छोटा पांढुरका पतंग: स्कोपुला की इडेया, आणि नावाच्या बाबतीत कुठे थांबावे?

माळरान

जुलै उजाडला की कळंबा तलावाच्या बाजूला असलेल्या आमच्या वसाहतीत मागच्या पडवीतल्या ट्यूबलाइटच्या आसपास जिऑमेट्रिडी कुळातले लहान पतंग पंख पसरून, भिंतीला अगदी चिकटून बसलेले दिसू लागतात. त्यांतल्या एकाविषयी हा धागा काढतो आहे. पुढच्या पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तो जेमतेम 22 मिलिमीटर भरतो. रंग शुभ्र नाही, जुन्या वहीच्या कागदासारखा फिकट पिवळसर आहे आणि त्यावर बारीक करडे कण शिंपडलेले आहेत. चारही पंखांच्या मध्यभागी एकेक काळा टिंब, पंखांवरून आडव्या जाणाऱ्या तीन नागमोडी रेघा आणि कडेला, झालर सुरू होते तिथे, काळ्या टिंबांची एक ओळ आहे.

मोबाइलवरच्या ॲपने या फोटोला थेट ‘स्कोपुला एमिसारिया’ असे नाव दिले. ओळखीच्या एका अभ्यासकांनी मात्र ‘इडेया असण्याचीही शक्यता आहे’ असे कळवले. स्कोपुला आणि इडेया या दोन्ही प्रजाती, म्हणजे जीनस, जिऑमेट्रिडी कुळाच्या स्टेरिनी या उपकुळातल्याच आहेत. स्कोपुलाच्या जगभरात 800 हून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि इडेयाच्या सुमारे 700. इतक्या मोठ्या गोतावळ्यातून एका फोटोच्या आधारे एक जात निवडणे मला धाडसाचे वाटते. कोल्हापूर परिसरातून आलेला प्रत्येक पांढुरका पतंग डोळे मिटून एमिसारिया म्हणून नोंदला जात असेल, तर त्या नोंदींवरून उद्या नकाशा काढणाऱ्याच्या हाती काय लागेल, हा माझा मूळ प्रश्न आहे. वरून काढलेल्या फोटोवरून कुठपर्यंत जाता येते आणि त्यापुढे जायचे असेल तर नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी सविस्तर लिहावे अशी विनंती.

निशाचर

माळरान, प्रश्न योग्य ठिकाणी सुरू झाला आहे. पतंग स्टेरिनीतला आहे हे गृहीत न धरता आधी ते पक्के करावे, असे मी सुचवेन.

जिऑमेट्रिडीची उपकुळे वेगळी करताना मागच्या पंखाच्या शिरा फार उपयोगी पडतात. एनोमिनी या सर्वांत मोठ्या उपकुळात मागच्या पंखातली एम 2 ही शीर जवळजवळ नाहीशी झालेली असते. तिच्या जागी फार तर एक पुसट घडी दिसते. लॅरेन्टिनीमध्ये पंखाच्या वरच्या कडेलगतची पहिली शीर मधल्या कोष्ठाच्या (पंखाच्या मुळाकडच्या, शिरांनी वेढलेल्या जागेच्या) कडेला दूरवर, कोष्ठाच्या अर्ध्याच्याही पुढे, जोडलेली असते. स्टेरिनीमध्ये तीच शीर पंखाच्या मुळाशी कोष्ठाला थोडीशी टेकते आणि लगेच दूर जाते. फोटोत हे दिसत नाही हे मान्य आहे, पण पतंग बसतो कसा, त्याची अंगकाठी किती सडपातळ आहे आणि चारही पंखांवरून रेघा सलग कशा जातात यावरून तुमचा पतंग स्टेरिनीतला असल्याबद्दल मला फारशी शंका वाटत नाही.

आता स्कोपुला आणि इडेया. मध्यावरचा काळा टिंब, नागमोडी रेघा आणि कडेची टिंबे ही तिन्ही लक्षणे दोन्हींकडे आढळतात, त्यामुळे केवळ त्यांच्यावर विसंबून निकाल देता येत नाही. इडेयाचे पतंग सर्वसाधारणपणे अधिक लहान असतात, पण ही सर्वसाधारण गोष्ट झाली आणि अपवाद भरपूर आहेत. विश्वासार्ह फरक दोन ठिकाणी सापडतात. पहिला मागच्या पंखाच्या शिरांमध्ये. आरएस आणि एम 1 या दोन शिरा स्कोपुलामध्ये कोष्ठाच्या टोकापासून स्वतंत्रपणे किंवा फार तर एकाच बिंदूतून निघतात. इडेयामध्ये त्या काही अंतर एकाच देठावरून जाऊन मग फुटतात. दुसरा फरक मागच्या पायात आहे. स्कोपुलाच्या मादीच्या मागच्या नडगीवर काट्यांच्या दोन जोड्या असतात, एक मधोमध आणि एक टोकाला. इडेयाच्या मादीला फक्त टोकाची जोडी असते. नरांमध्ये दोन्हीकडे हे काटे सहसा नसतात, पण स्कोपुलाच्या नराची मागची नडगी फुगीर असते, तिच्यात केसांचा एक झुबका दडलेला असतो आणि पुढचा पाऊल-भाग आखूड झालेला असतो. इडेयाच्या अनेक नरांत तर मागचा सगळा पायच खुरटलेला आढळतो.

म्हणून आधी नर की मादी ते ठरवा. मिशांवर बाजूने बारीक लव दिसली तर नर, साध्या दोऱ्यासारख्या असतील तर बहुधा मादी. त्यानंतर पायाचा फोटो काढा. समोरून चेहऱ्याचाही काढा. अनेक स्कोपुलांचे कपाळ गडद काळे-तपकिरी आणि त्यावरचा माथा पांढरा असतो. गडद कपाळ इडेयातही सापडते, तेव्हा प्रजाती ठरवण्यासाठी नव्हे, पुढे जातींची यादी आखूड करण्यासाठी त्याचा उपयोग करावा.

ऊसकरी

मी शेतकरी आहे, पतंगांचा अभ्यासक नाही, तरीही विचारतो. आमच्या करवीर तालुक्यातल्या उसाच्या फडाशेजारी पंपघराच्या दिव्यावर पांढरे पतंग येतात. शेंडा पोखरणारी अळी ज्या पतंगाची, तो हाच का? तसे असेल तर त्याचे नाव शोधण्यापेक्षा बंदोबस्त आधी करावा लागेल.

माळरान

ऊसकरी दादा, तो हा नव्हे. उसाचा शेंडा पोखरणाऱ्या अळीचा पतंग स्किर्पोफागा एक्सर्प्टॅलिस हा क्रॅम्बिडी या वेगळ्याच कुळातला आहे. तो चमकदार पांढरा असतो, बसताना पंख पाठीवर कौलारू छपरासारखे मिटतो आणि मादीच्या पोटाच्या टोकाला नारिंगी-पिवळसर केसांचा गोंडा असतो. या धाग्यातला पतंग पंख उघडे ठेवून भिंतीशी समतल बसतो, त्याच्या पंखांवर रेघा आणि टिंबे आहेत आणि गोंडा नाही. दिव्याखाली उभे राहून पंख मिटलेले की पसरलेले एवढे पाहिलेत तरी दोन्हींची गल्लत होणार नाही. उसाच्या दृष्टीने या पतंगाची काळजी करण्याचे कारण नाही.

ऊसकरी

समजले, आभारी आहे. मग आमच्या सोयाबीनवर येणारी उंटअळी तरी यांची का? तीही पाठ कमानीसारखी उचलत चालते.

निशाचर

चाल सारखी दिसते, पण पाय मोजल्यावर फरक कळतो. जिऑमेट्रिडीच्या अळीला छातीजवळचे तीन जोड खरे पाय सोडले, तर मांसल पायांच्या दोनच जोड्या असतात आणि त्याही पार मागच्या बाजूला. मधला सगळा भाग बिनपायांचा असल्यामुळे तिला प्रत्येक पावलाला पूर्ण कमान करावी लागते. सोयाबीनवरची हिरवी उंटअळी नॉक्टुइडी कुळातली आहे. तिला मांसल पायांच्या तीन जोड्या असतात आणि तिची कमान त्यामानाने उथळ असते. पानाच्या खालच्या बाजूला भिंग धरून मोजता येईल.

सज्जाकोठी

पन्हाळ्याच्या पायथ्याशी आमचे घर आहे आणि पावसाळ्यात मी पांढऱ्या चादरीवर दिवा लावून पतंगांचे फोटो काढतो. दोन गोष्टी जोडाव्याशा वाटतात.

पहिली रंगाची. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत शुभ्र पतंग बदामी दिसतो आणि निळसर यूव्ही दिव्याखाली बदामी पतंग करडा दिसतो. नंतर मंडळी त्या रंगावरून जाती ठरवतात, हे मला नेहमीच विनोदी वाटत आले आहे. फोटोच्या कोपऱ्यात आलेखाच्या कागदाचा एक तुकडा राहील असे पाहावे. त्यामुळे माप तर मिळतेच, शिवाय कागद पांढरा दिसतो की नाही यावरून रंगाचा अंदाजही दुरुस्त करता येतो. पतंग फार चुळबुळ करत असेल, तर पारदर्शक डबीत टिपकागदाचा तुकडा घालून ती फ्रिजच्या खालच्या कप्प्यात थोडा वेळ ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. तो सुस्त झाला की चेहरा, पाय, मिशा निवांत टिपता येतात आणि ऊब मिळाली की तो उडून जातो. पंखांची खालची बाजू हवी असेल तर पतंग खिडकीच्या काचेवर बसण्याची वाट पाहावी आणि पलीकडून फोटो घ्यावा.

दुसरी गोष्ट झिजलेल्या पतंगांची. काही रात्री उडून झाल्यावर खवले गळतात, झालर उडते आणि कडेची टिंबे नाहीशी होतात. अशा पतंगात ‘टिंबे नाहीत’ हे लक्षण म्हणून धरले, तर आपण न असलेल्या जातीच्या मागे लागतो. झालर शाबूत आहे का, हे मी सर्वांत आधी पाहतो.

नवख्यांसाठी एक सोपा सोबतीही सांगून ठेवतो. आमच्याकडच्या चादरीवर मायक्रोनिया अक्युलिआटा हा पांढरा, करड्या रेघांचा पतंग येतो आणि अनेक जण त्याला जिऑमेट्रिडी समजतात. तो युरॅनिडी कुळातला आहे. आकाराने बराच मोठा असतो, मागच्या पंखाला छोटी अणकुचीदार शेपटी असते आणि तिच्या मुळाशी काळे टिंब असते. एकदा शेपटी पाहिली की पुन्हा गोंधळ होत नाही.

काजवा

सगळे वाचले. माहिती उत्तम आहे, परंतु मला एक अडचण दिसते. सर्वसामान्य माणूस हौसेने फोटो टाकतो आणि त्याला ‘स्कोपुलाची एखादी जात’ असे अर्धवट उत्तर मिळाले की त्याचा रस संपतो. ॲप निदान एक नाव तरी देते. ते नव्वद टक्के बरोबर असेल तर दहा टक्क्यांसाठी एवढा खटाटोप कशाला? शिवाय आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर दोघातिघांनी दुजोरा दिला की नोंद पक्की होतेच.

निशाचर

काजवा, तो नव्वद टक्क्यांचा आकडा कोणी मोजलेला नाही, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. ॲपची सूचना आधी चढवलेल्या आणि नाव मिळालेल्या फोटोंवर उभी असते. एखाद्या नावाचे फोटो जास्त झाले की पुढच्या सारख्या दिसणाऱ्या पतंगालाही तेच नाव सुचवले जाते, ते पाहून दुसरा माणूस दुजोरा देतो आणि त्या नावाचा ढीग आणखी वाढतो. आयनॅचरलिस्टवर एखादी नोंद संशोधनयोग्य ठरण्यासाठी ओळख देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक जणांचे एकमत लागते. मात्र सगळ्यांनी एकाच सूचनेवर बोट ठेवलेले असेल तर ते एकमत स्वतंत्र म्हणता येत नाही. तिथेच, यापुढे ओळख सुधारणे शक्य नाही असे मत नोंदवून प्रजातीच्या पातळीवरही नोंद पूर्ण करण्याची सोय आहे. ती फार कमी लोक वापरतात.

अर्धवट उत्तर या शब्दावरही माझा आक्षेप आहे. हिरव्या पतंगांचे उदाहरण घ्या. आपल्याकडे आंब्यावर ज्यांच्या अळ्या सापडतात त्या थॅलॅसोडिसच्या गटातले पतंग वरून पाहिले तर सगळे एकसारखे, निळसर हिरवे, दोन पुसट पांढऱ्या रेघांचे असतात. 1996 साली हॉलोवे यांनी त्यांतून पेलागोडिस ही नवी प्रजाती वेगळी काढली, ती मुख्यतः जननेंद्रियांच्या रचनेवरून. म्हणजे तिथे वरून काढलेल्या फोटोवरून जात तर सोडाच, अनेकदा प्रजातीही सांगता येत नाही. त्यामानाने या धाग्यातल्या पतंगाचा पाय पाहून ‘स्कोपुला’ इथपर्यंत खात्रीने पोहोचता आले, तर ते भरघोस उत्तर आहे.

पाटीपेन्सिल

मी शाळेत विज्ञान शिकवते. शिरा पाहण्याचा विषय निघाला आहे म्हणून आमची पद्धत लिहिते. यासाठी पतंग मारावे लागत नाहीत. पावसाळ्यात दिव्याजवळच्या कोळ्याच्या जाळ्याखाली, व्हरांड्याच्या कोपऱ्यात, ट्यूबलाइटच्या पट्टीत सुटे पंख आणि मेलेले पतंग पडलेले असतात. मागचा पंख चिमट्याने उचलून काचपट्टीवर उलटा ठेवायचा आणि त्यावर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या स्पिरिटचा एक थेंब टाकायचा. खवले ओले होऊन पारदर्शक होतात आणि स्पिरिट उडून जाईपर्यंतच्या थोड्या वेळात शिरा स्पष्ट दिसतात. साध्या दहापट भिंगातून आरएस आणि एम 1 एका देठावर आहेत की नाहीत हे आठवीची मुलेसुद्धा सांगू शकतात. त्या क्षणी मोबाइलने फोटो घेऊन ठेवावा, कारण पंख वाळला की सगळे पुन्हा झाकले जाते.

ज्यांना जुना ग्रंथ चालणार असेल त्यांच्यासाठी: हॅम्पसन यांच्या ब्रिटिश इंडियाच्या प्राणिसूचीतला पतंगांचा तिसरा खंड 1895 साली निघाला आणि जिऑमेट्रिडी त्यातच आहे. तो इंटरनेटवर मोफत वाचता येतो. त्यातली नावे आता मोठ्या प्रमाणात बदलली आहेत, त्यामुळे नाव उचलून तसेच वापरू नये. पण शिरांची आणि पायांची वर्णने आजही कामाची आहेत. स्कोपुलाच्या गटाची आधुनिक फेरमांडणी सिहवोनेन यांनी 2005 साली प्रसिद्ध केली.

एक सूचना मात्र आवर्जून करते. राधानगरी अभयारण्यात, दाजीपूरच्या बाजूला गेल्यावर तिथून मेलेला पतंग किंवा पंखही उचलू नये. अभयारण्यातून नमुना घेण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते. आपल्या पडवीत पुरेसे मिळतात.

माळरान

सर्वांचे आभार. सज्जाकोठी यांची डबीची युक्ती काल रात्री वापरली. तशाच दिसणाऱ्या एका पतंगाचे चेहऱ्याचे, मागच्या पायाचे आणि काचेपलीकडून खालच्या बाजूचे फोटो मिळाले. धाग्याच्या सुरुवातीला जोडले आहेत. मिशा साध्या दोऱ्यासारख्या आहेत, तेव्हा मादी असावी. कपाळ काळे, माथा पांढरा. मागच्या नडगीवर काट्यांच्या दोन जोड्या स्पष्ट मोजता येतात. झालर शाबूत आहे आणि तिच्या मुळाशी टिंबेही आहेत. मागच्या पंखावरची मधली रेघ काळ्या टिंबाच्या आतून, म्हणजे शरीराच्या बाजूने जाते.

निशाचर

फोटो छान आले आहेत. दोन जोड्या दिसल्यामुळे इडेया बाजूला पडते आणि बाकीची लक्षणेही जुळत असल्यामुळे स्कोपुला असे मी निःशंकपणे म्हणेन. मधली रेघ टिंबाच्या आतून जाते, टिंबावरून जाते की बाहेरून, हे कोणी न सांगताही तुम्ही नोंदवलेत ते फार बरे झाले, कारण जातींच्या वर्णनात या एका गोष्टीला मोठे वजन असते आणि फोटो चढवणारे तिच्याकडे हमखास दुर्लक्ष करतात.

स्कोपुलातील एक नाव इथेच वगळता येते. स्कोपुला पुलचेलाटा आपल्या भागात अपेक्षित आहे, पण तिच्या पुढच्या पंखावर बाहेरच्या रेघेपलीकडे गडद डाग असतात. तुमच्या पतंगावर त्या जागी फक्त बारीक कण आहेत. एमिसारिया ही शक्यता उरते, पण तिच्यासारख्या फिकट, कणदार जाती एकाहून अधिक आहेत आणि मादीच्या फोटोवरून मी त्यांत निवड करणार नाही. कोल्हापूर शहर आणि गगनबावडा यांच्यातले अंतर एका सकाळचे असले तरी पाऊस कित्येक पटींनी बदलतो. घाटमाथ्यावरची आणि आपल्या माळावरची फिकट स्कोपुला एकच आहे, असे धरून चालायला आधार नाही.

काजवा

मग जात ठरवण्याचा मार्गच नाही का? की दर वेळी प्रयोगशाळा गाठायची?

निशाचर

मार्ग आहेत. मेलेला नर मिळाला तर त्याच्या पोटाचा शेवटचा भाग सौम्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये तापवून मऊ करतात आणि आतले कठीण अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. स्कोपुलाच्या जाती प्रामुख्याने तशाच वेगळ्या केल्या जातात. पायाच्या तुकड्यावरून डीएनए बारकोड (जात ओळखायला वापरला जाणारा डीएनएचा छोटा ठरावीक भाग) काढणे हा दुसरा मार्ग, पण बारकोड ज्याच्याशी जुळवायचा तो नमुना आधी कोणीतरी नीट ओळखलेला असावा लागतो. दोन्ही कामे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागासारख्या ठिकाणीच करावीत. पोटॅशियम हायड्रॉक्साइड कातडी जाळते, ते स्वयंपाकघरात करू नये.

माळरान

एक नवी गोष्ट घडली आहे. सोडण्यासाठी डबी उघडली तेव्हा टिपकागदाच्या कडेला अंडी घातलेली दिसली. मादी सोडून दिली. ही अंडी वाढवण्याचा प्रयत्न करावा असे वाटते, पण अळ्यांना खायला काय द्यावे?

पाटीपेन्सिल

नक्की करावा. स्कोपुलाच्या बऱ्याच अळ्या जमिनीलगतच्या साध्या तणांवर वाढतात, म्हणून तुमच्या परसातली पाच-सहा तणे कोवळी पाने खुडून एकत्र ठेवा आणि कुठल्या पानाला कुरतडल्याच्या खुणा दिसतात ते पाहा. थोडी सुकलेली पानेही ठेवा. इडेयाच्या अनेक अळ्या वाळक्या पानांवर जगतात; तुमच्या अळ्या ताजे सोडून वाळक्याकडेच वळल्या, तर पायाच्या काट्यांवरून काढलेला निष्कर्ष पुन्हा तपासायला कारण मिळेल. डबीच्या आत पाण्याचे थेंब जमू देऊ नका, लहान अळ्या त्यात चिकटून मरतात. टिपकागद रोज बदला, पण अळ्या हाताने न उचलता पानासकट हलवा. फवारणी झालेल्या शेताच्या बांधावरची पाने मुळीच आणू नका.

निशाचर

यातून नर निघाला तर निम्मे काम झाले, कारण मग मादी आणि नर एकाच आईचे आहेत हे नक्की असेल आणि नराच्या तपासणीवरून मादीच्या फोटोलाही नाव देता येईल. कोष झाल्यावर प्रत्येक कोष वेगळ्या डबीत ठेवा.

डबीवर आजच चिठ्ठी चिकटवा: कोल्हापूर, कळंबा परिसर, मादी सापडल्याची तारीख, ट्यूबलाइटवर आलेली, अंडी घातल्याची तारीख आणि या मादीच्या फोटोंचे क्रमांक. नावाच्या जागी ‘स्कोपुला’ एवढेच लिहा आणि पुढची जागा मोकळी सोडा. अळ्यांनी कोणते तण धरले ते कळले की त्या तणाचाही फुलासकट फोटो इथे टाका, म्हणजे निदान वनस्पतीची ओळख तरी आपल्याला लगेच पटवता येईल.

ऊसकरी

वनस्पतीचे माझ्यावर सोपवा. बांधावरची तणे मी ओळखून देतो.